नव्या मंडळीत तरुणांचं काम : सांवेरमधलं पहिलं वर्ष

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. त्रोवस गावात माडीवर सभा भरली आहे, पुष्कळ दिवे लागले आहेत. पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचं आहे, त्यामुळे त्याचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं आहे. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसून ऐकतोय. ऐकता ऐकता त्याला झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक उचलतात तेव्हा तो मेलेलाच. पौल बोलणं थांबवून खाली उतरतो, त्याला कवेत घेतो, आणि मुलगा जिवंत घरी जातो.

तरुणांमध्ये काम करायला निघालेल्या प्रत्येकाने हा अध्याय आधी वाचावा असं माझं मत आहे. मी तो नंतर वाचला. माझ्या पहिल्या सभेत कोणी पडलं नाही, कारण आमचा हॉल तळमजल्यावर आहे. झोपले मात्र दोघं.

आपल्या मंडळातले बरेच जण विचारतात की शिक्षण झाल्यावर हे तरुणांच्या सेवेचं काम म्हणजे तू नक्की करतेस काय. काहींना स्वतःलाही ते करायचं आहे. म्हणून हा लेख. सांवेर आपल्याला लांबचं नाही, उज्जैनच्या रस्त्याला तीसेक किलोमीटर. बहुतेकांना ते उलट्या हनुमानाच्या मंदिरामुळे माहीत असतं. तिथली आमची मंडळी नवी आहे. स्वतःची इमारत नाही, भाड्याचा हॉल आहे, आणि तरुण म्हणावेत असे अकरा जण. जुन्या मंडळीत तरुण संघ आधीच असतो, त्याचं रजिस्टर असतं, नाताळच्या नाटकाचे कपडे ट्रंकेत असतात. तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं. नव्या मंडळीत खुर्चीही तुम्हीच आणायची.

मी खुर्चीबरोबर कार्यक्रमही घेऊन गेले होते. गिटार, चार हिंदी गाणी, चाळीस मिनिटांचा संदेश, शेवटी खेळ. वेळ रविवारी दुपारची. दोन महिन्यांत अकराचे पाच झाले. पास्टरसाहेब काही बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "दीदी, ये सब बच्चे दिनभर करते क्या हैं, आपको पता है?" मला पत्ता नव्हता.

मग महिनाभर सभा न घेता मी घरोघर गेले. तिघं जण सांवेर रोडच्या कारखान्यांत पाळीवर जातात आणि त्यांची सुट्टी रविवारी नसते. दोन मुली कोचिंगसाठी रोज बसने इंदूरला येतात. एकाच्या घरी शेती आहे. सोयाबीन काढायच्या दिवसांत तो कुठेच दिसत नाही आणि मार्चमध्ये गव्हाच्या वेळी पुन्हा तसंच. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. हे सगळं मांडल्यावर रविवारची दुपार आपोआप बाद झाली. सभा शनिवारी संध्याकाळी आली, मुली अंधार पडायच्या आत घरी पोचतील अशा बेताने. संदेश बारा मिनिटांचा झाला. (युतुखाची कृपा.)

भाषेची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपलं हे मराठीचं मंडळ आहे. या मुलांच्या घरात मालवी, शाळेत हिंदी. दोन घरं आपल्यासारखी इंदुरी मराठीची, म्हणजे 'भाजी मंडीतून आण आणि जल्दी ये' छापाची. आजी मात्र मराठी भजनं म्हणणारी. मी सगळ्यांसाठी एकच ठरलेली चर्चची हिंदी वापरत होते, जी यातल्या कोणाच्याच घरात बोलली जात नाही. 'कलीसिया', 'अनुग्रह', 'पवित्रीकरण'. मुलं मान डोलवत होती. एका शनिवारी मी म्हटलं की आज प्रार्थना ज्याने त्याने घरी जसं बोलतो तसं करायची. पहिले पाच मिनिटं नुसतं हसणं चाललं. मग कारखान्यात जाणाऱ्या एका मुलाने मालवीत, आपल्या बापाच्या खोकल्यासाठी, तीन वाक्यं म्हटली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

इथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहावंच लागतं. ते आपल्याला 'फुलामुलांचे कवी' म्हणून शाळेत भेटतात आणि तिथेच राहतात, हे बरं नाही. त्यांच्या आधी मराठी मंडळ्यांत पुष्कळशी गीतं पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरं होती. भजन-कीर्तनाचे प्रयोगही झाले होते, पण टिळकांनी अभंग आणि भजनाची वाट अशी काही रुळवली की आज मराठी उपासनेतून त्यांची गीतं काढली तर फार थोडं उरेल. माणूस देवाशी ज्या सुरात आधीपासून बोलत आला आहे तो सूर सोडायला लावू नये, एवढी साधी गोष्ट त्यात होती. आमच्याकडे आता मराठी घरातली आजी महिन्यातून एकदा येऊन एक भजन शिकवते. मालवी मुलं ते मालवी ठेक्यात म्हणतात. आजीला सुरुवातीला ते खटकलं, आता ती टाळ घेऊन येते.

दुसरा धडा अमेरिकेतला आहे. २ फेब्रुवारी १८८१ रोजी मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने आपल्या मंडळीतल्या तरुणांसाठी 'ख्रिश्चन एंडेव्हर' नावाचा संघ काढला. पुढे तो जगभर पसरला, हिंदुस्थानातही आला. त्यातली युक्ती करमणुकीची नव्हती. सभासदाने प्रत्येक प्रार्थनासभेला यायचं आणि काहीतरी भाग घ्यायचाच, मग तो एका वाक्याचा का असेना. शिवाय कामाच्या समित्या होत्या, प्रार्थनासभेची वेगळी, नव्या मुलांची चौकशी करणारी वेगळी. तरुणांना कार्यक्रम दाखवायचा नाही, काम सोपवायचं. मी हॉलची किल्ली एका बावीस वर्षांच्या मुलाकडे दिली आणि वर्गणीची वही कोचिंगवाल्या मुलीकडे. तिने पहिल्याच महिन्यात माझ्या हिशेबातली चाळीस रुपयांची चूक काढली. सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून संघ त्यांचा झाला.

काही गोष्टी पहिल्या दिवसापासूनच ठरवून घ्याव्यात. अठराच्या खालची मुलं असतील तिथे दोन मोठी माणसं हजर हवीत, त्यातली एक बाई. लहान मुलामुलींना खासगी मेसेज करायचे नाहीत, जे काय ते गटावर, आईबाप ज्यात आहेत अशा. शिबिराला न्यायचं तर पालकांची लेखी परवानगी. आणि कोणा मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर 'मंडळीची बदनामी होईल' हा विचार करायला कायद्याने जागाच ठेवलेली नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आम्ही हॉलच्या दारावर लिहून ठेवली आहे.

आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातंय ते.

आम्ही दहावीच्या मुलांसाठी गणिताची शिकवणी सुरू केली, फुकट, आठवड्यातून दोनदा. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा येऊ लागला. घर मंडळीतलं नाही. मुलगा हुशार, आणि प्रश्न विचारणारा. गणित संपलं तरी बसून राही. एकदा म्हणाला, "दीदी, शनिवार को भी आऊँ?" मी हो म्हटलं. तो आला, भजन म्हणू लागला, डोळे मिटून बसू लागला. मला किती आनंद झाला असेल! त्या आनंदात एका रविवारी भर उपासनेत मी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. देवाने या घराचं दार उघडावं, वगैरे.

मंगळवारी त्याचे वडील हॉलवर आले. ओरडले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, मैंने इसको गणित के लिए भेजा था. मुझसे पूछा था आपने?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याला कायद्याची एक बाजू आहे आणि आपल्या राज्यात काम करणाऱ्याने ती नीट वाचलेली असली पाहिजे. मध्य प्रदेशात धर्म स्वातंत्र्य अधिनियम पहिल्यांदा १९६८ साली आला. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा १९७७ मध्ये, रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. घटनेच्या कलम २५ ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा तो निकाल. २०२१ चा नवा कायदा जास्त कडक आहे. धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने आणि ते करवणाऱ्या धर्मगुरूने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे कळवायचं असतं. बेकायदा मार्गाने धर्मांतर झालेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा २ ते १० वर्षं आणि दंड किमान ५० हजार. 'प्रलोभना'च्या व्याख्येत भेटवस्तू आणि नोकरीबरोबर धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं शिक्षणही येतं. या कायद्यावर न्यायालयात वाद चालले आहेत, आणि तो सेवाकार्याकडेही संशयाने पाहतो असं मला वाटतं. पण खरं सांगते, त्या मंगळवारी मला कायदा आठवलाच नाही. त्या माणसाचा प्रश्न कायद्यापेक्षा जुना होता. कुठलाही कायदा नसता तरी तो तसाच उभा राहिला असता.

त्या रात्री मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडलं. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार दिला. त्या माणसाने ना आपलं नाव सांगितलं, ना नंतर पाठपुरावा केला. टिळक वाचत राहिले, डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. त्या विरहाची पानं वाचवत नाहीत, तिथे टिळकांची बाजू घेणंही मला जमत नाही, कारण बायकोला अंधारात ठेवून उचललेलं ते पाऊल होतं. पण नंतरच्या वर्षांत ते काय करत नाहीत, ते बघा. लक्ष्मीबाई पुढे दत्तूला घेऊन नगरला आल्या त्या आपला धर्म आणि सोवळं सांभाळूनच, आणि टिळकांनी तसं राहू दिलं. जातपात माणसाची आहे, देवाची नव्हे, इथपर्यंत त्या स्वतःच्या विचाराने पोचल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. घाई म्हणजे काय आणि ती घरावर काय करते, हे त्यांना घरातूनच कळलं होतं असं मला वाटतं.

पौलाने तीमथ्याला, म्हणजे इफिसच्या मंडळीतल्या तरुण सेवकाला लिहिलेली पत्रं आपण 'तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ लेखू नये' या अर्थाच्या ओळीसाठी वाचतो. आपल्या बाजूची ओळ, म्हणून पाठ असते. पुढच्याच अध्यायात वडीलधाऱ्यांशी बापासारखं वाग असंही आहे. मंडळीतल्याच वडीलधाऱ्यांशी, असं तिथे समजायचं कारण नाही. दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा नावाने उल्लेख येतो. पौल तरुणाशी बोलताना त्याचं घर विसरत नाही.

पास्टरसाहेब आणि मी गुरुवारी त्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, म्हणजे अर्धं काम त्यांनीच केलं. मी माफी मागितली. तुमच्या मुलाचं नाव सभेत घ्यायला नको होतं, आणि शनिवारी बसवून घेण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, एवढंच बोलले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पढ़ाते आप अच्छा हो." आतल्या दारात मुलगा उभा होता. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

शिकवणीची जागा आम्ही बदलली. आता ती हॉलमध्ये नाही, एका शिक्षकांच्या ओसरीवर होते, आणि तिथे प्रार्थना होत नाही. प्रत्येक मुलाच्या घरी आधी जाऊन सांगतो की आम्ही कोण, कुठल्या मंडळीचे, काय शिकवणार आणि काय नाही. आमच्यातल्या काहींना हे भित्रेपणाचं वाटलं. हॉलची किल्ली सांभाळणारा मुलगा तर माझ्याशी भांडला, "दीदी, फिर हम किसलिए हैं?" चांगला प्रश्न आहे. त्यावर आम्ही तीन शनिवार बोललो, अजून मिटलेलं नाही.

तो मुलगा नोव्हेंबरपासून ओसरीवर गणिताला परत येतो. वडील स्वतः सोडायला येतात, मोटरसायकल बंद न करता हात वर करतात आणि जातात. शनिवारचं त्याने विचारलेलं नाही, मीही नाही. परवा जाताना फक्त म्हणाला, "वो आजी वाला भजन अभी भी गाते हो क्या?" मी म्हटलं, गातो. बरं, म्हणाला, आणि त्रिकोणमितीचं उरलेलं उदाहरण विचारायला परत खाली बसला.