पाचटाचा धूर आणि आपली हवा



ऊस तुटून गेला की खोडव्यासाठी रान लवकर मोकळे व्हावे, म्हणून पाचट पेटवून देण्याची रीत राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा या आपल्या बागायती तालुक्यांत जुनी आहे. काम तासाभरात उरकते. पण त्याची किंमत हवेला आणि जमिनीलाही मोजावी लागते.

धूर का होतो?

पाचट असो, लाकूड असो वा डिझेल, या प्रत्येक इंधनात कार्बन असतो. भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली किंवा इंधन ओलसर असले, तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, काजळी व सूक्ष्म कण बाहेर पडतात. खालच्या थरातील ओलसर पाचट धुमसते, तेव्हा नेमके हेच घडते. 2.5 मायक्रॉनहून लहान कण नाकात न अडकता थेट फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी, लहान मुले व वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक होतो. त्यातच तोडणीचा हंगाम थंडीचा. रात्री जमिनीलगतची हवा गार व जड असल्याने धूर वर न जाता वस्तीवरच साचून राहतो.

जमिनीचे नुकसान

एक हेक्टर उसापासून 8 ते 10 टन पाचट मिळते. त्यात 0.42 ते 0.50 टक्के नत्र, म्हणजे सुमारे 34 ते 50 किलो नत्र असते. जाळल्यावर त्यातील बहुतेक नत्र वायुरूपाने उडून जाते. सेंद्रिय कर्बही जळतो. पालाश राखेत उरते, पण राख वाऱ्यावर जाते.

मग काय करावे?

1. पाचट सरीत लोटून दाबावे. बुडखे मोकळे ठेवावेत.
2. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. जमिनीखालील डोळ्यांतून जोमदार फुटवे येतात.
3. दर टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व शेणखतात मिसळलेले 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे. युरिया टाळू नये. नाहीतर जिवाणू जमिनीतील नत्र वापरतात व खोडवा पिवळा पडतो.
4. लगेच पाणी द्यावे.

पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते व तण कमी होते. कालव्याची पाळी लांबली तरी खोडवा तग धरतो. यंदा निदान एका एकरात हा प्रयोग करून पाहा व शेजारच्या रानाशी ताडून पाहा.