योजनेला पैसे देण्यापूर्वी मागावा असा हिशेब

तुम्ही देणगीदार, संस्थेचे विश्वस्त किंवा जिल्हा परिषद सदस्य असाल, तर नव्या योजनेचा एकूण खर्च तुम्हाला सांगितला जातोच. पण त्यातून खरोखर फरक पडतो का, हे आधी थोड्या गावांत राबवून, तशाच इतर गावांशी ताडून पाहावे लागते.

तपासणीचा खर्च
योजना कोणत्या गावांत राबवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला जवळपास काहीच लागत नाही. पैसा जातो पाहणीवर: सर्वेक्षकांचे मानधन, प्रशिक्षण, प्रवास, नोंदींची फेरतपासणी. हजेरीपट किंवा आरोग्य केंद्राच्या नोंदवह्या विश्वासार्ह असतील, तर त्या वापरून हा खर्च कमी करा. गावांच्या संख्येत मात्र काटकसर नको. दोन-चार गावांतला फरक निव्वळ योगायोगाचाही असतो.

हाती काय येते?
अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर उदयपूर जिल्ह्यातील १३४ गावांत लसीकरण तपासले.

- नवे काही न केलेली गावे: ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण
- दरमहा न चुकता शिबिर: १८ टक्के, दर पूर्ण लसीकरणामागे खर्च २,२०२ रुपये
- शिबिर, प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा संच: ३९ टक्के, खर्च १,१०२ रुपये

डाळ वाटूनही खर्च निम्म्यावर आला. परिचारिकेचा पगार आणि प्रवासखर्च ठरलेलाच असतो. मुलांची संख्या वाढली की तो अधिक जणांत विभागला जातो. एकूण खर्चाचा आकडाच पाहणाऱ्याने आधी डाळच रद्द केली असती.

दोन पर्याय असतील तर
‘प्रथम’ संस्थेच्या मुंबई-वडोदऱ्यातील बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना वेगळे शिकवले जाई, वर्षाला दर विद्यार्थ्यामागे सुमारे १०७ रुपये लागले. वडोदऱ्यातील संगणकावरच्या गणिताला ७२२ रुपये. गणितातली प्रगती संगणकाने जास्त झाली, पण तेवढ्याच रुपयांत बालसखीचा लाभ अधिक निघाला. उपक्रम सुटल्यावर वर्षभरात दोन्हींचा लाभ बराच ओसरला.

मंजुरीपूर्वी विचारा
१. एका मुलात प्रत्यक्ष बदल घडवायला किती रुपये लागले?
२. तुलनेची गावे कोणी, कशी निवडली?
३. परिणाम किती काळ टिकला?
४. आपल्याकडे पगार, अंतरे, सवयी तशाच आहेत का?

वरचे आकडे त्या अभ्यासांच्या काळाचे आहेत. आजच्या दराने हिशेब नव्याने करा. पैसे अपुरे असतील तर योजना जिल्हाभर न नेता तपासणीपुरत्या गावांत सुरू करा, पण पाहणी वगळू नका. न तपासता जिल्हाभर पसरलेली निरुपयोगी योजना पाहणीपेक्षा कितीतरी महाग पडते, आणि त्याची किंमत मुले मोजतात.