आधी आजाराचं नाव विचारा

दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या सातारा-सांगलीत उतरतात. कराड, वाळव्याच्या फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि दिवस चुकला की खाडा पडतो. पाळीच्या चार दिवसांना या हिशेबात जागा नसते. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. साधारण सहांतली एक! अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचं अनेकींनी सांगितलं. त्यांच्या हाती लक्षण होतं, शस्त्रक्रियेचं बिल होतं. आजाराचं नाव मात्र नव्हतं.

प्रस्तुत लेखिका फडातली नाही. वाळवा तालुक्यातल्या खात्यापित्या घरात ती वाढली, तरी तिचं दुखणंही बिननावाचंच राहिलं. ओव्याचा काढा, गरम पाण्याची पिशवी आणि ‘लग्न झालं की थांबतं गं’ हा आजीचा दिलासा. कॉलेजात पाळीच्या दिवसांत तिला बाकावर बसवत नसे. सोनोग्राफी नॉर्मल आली, मग दुखणं मनाचं ठरलं.

पुढे मिरजेच्या एका डॉक्टरबाईंनी मशीनला हात लावण्याआधी नुसतं विचारलं. दुखणं पाळीच्या किती आधी सुरू होतं? गोळीने थांबतं का? त्या दिवसांत शौचाला बसताना कळ येते का? उत्तरं ऐकून त्यांना एंडोमेट्रिओसिसचा संशय आला आणि औषध सुरू झालं. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर या आजारात गर्भाशयाबाहेर वाढतं. त्याचे बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतीलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे दहा टक्के मुली-बायकांना तो असतो.

पीसीओडी या अंडाशयाच्या विकाराचं नेमकं उलटं. तिथे सोनोग्राफी गरजेपेक्षा जास्त दाखवते. वयात येणाऱ्या मुलींच्या अंडाशयात बारीक पुटिका पुष्कळ दिसणं स्वाभाविक आहे. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या पाळीपासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये. पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (हनुवटीवर राठ केस, हटवादी मुरुमं किंवा तसा रक्ततपासणीचा अहवाल) या दोन्ही गोष्टी हव्यात. त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्यावं लागतं.

मग अनियमित म्हणायचं कशाला? पहिलं वर्ष मागेपुढे होतंच. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, पुढे २१ ते ३५. पहिलं वर्ष सरल्यावर कधीही नव्वद दिवस पाळी आली नाही, किंवा पंधरावं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर दाखवावं.

रक्तस्राव सात दिवसांपुढे चालला किंवा तासातासाला पॅड भिजू लागलं, तर हिमोग्लोबिन पाहावं. बाराच्या खाली आलं की ती रक्तक्षयाची खूण. पहिल्या पाळीपासूनच असा स्राव असेल तर रक्त गोठण्यातला दोषही शोधावा लागतो.

पांढरं जाणं प्रत्येक वेळी रोग नसतो. पाळीच्या मध्यावर पातळ, बिनवासाचा स्राव होतोच. दह्यासारखा आणि खाजणारा असेल तर बहुधा बुरशी. मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा तोल बिघडलेला. दोन्हींवर औषध आहे, आणि दोन्हींसाठी पिशवी काढावी लागत नाही. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर मात्र सकाळची वाट पाहू नये. अंडाशयाला पीळ पडला असेल, तर तासांवर ते वाचण्या-न वाचण्याचा प्रश्न येतो.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ टक्के. बाकीच्यांनी सारं अंगावर काढलं होतं. लग्नाआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याचा संकोच आजही आहे. पण अविवाहित मुलीची सोनोग्राफी लघवी साठवून पोटावरूनच होते, आणि आतली तपासणी तिच्या संमतीशिवाय करता येत नाही.

तरुण बाईला कोणी शस्त्रक्रिया सुचवली, तर तीन गोष्टी विचाराव्यात: आजाराचं नाव काय, कोणत्या तपासणीत तो दिसला, आणि औषधांनी काय साधलं? अंडाशयही काढणार का, हेही. कारण अंडाशयं गेली की चाळिशीआधीच पाळी जाण्याचे सगळे त्रास आणि हाडांची झीज मागे लागते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आहे. दुसरं मत हवं असेल तर साताऱ्यात आणि सांगलीत सिव्हिलला केसपेपर काढता येतो. जाताना जुने रिपोर्ट आणि मागच्या काही पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्यात.