वळचणीचे पारवे

पारवा तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. राखी अंग, मानेवर हिरवी-जांभळी झाक, पंखांवर दोन काळे पट्टे. कोणी त्याला कबुतर म्हणतात. दिवसा तो धानाच्या बांधीत आणि खळ्यावर दाणे वेचतो. सांजेला आपल्या छपराखाली येतो आणि घुमत बसतो. ऐकायला बरे वाटते. पण सकाळी ओसरी पाहावी, तर पांढरी झालेली असते.

मी हेडमास्तर होतो, तेव्हाची गोष्ट आहे. साल २०११. आमच्या शाळेचा व्हरांडा लांब होता. वर्गांच्या भिंतींत उंचावर झरोके होते. एकेका झरोक्यात पारव्यांची एकेक जोडी राही. मुले व्हरांड्यात जेवायला बसत. वरून घाण पडे. कोणाच्या ताटात पडे, कोणाच्या डोक्यावर. एकदा तर खिचडीच्या गंजातच पडली. स्वयंपाकाच्या बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, आता तुमीच सांगा, हे लेकरायले कसं वाढू?" दुसरीत एक मुलगी होती. तिला दम्याचा त्रास होता. सकाळी व्हरांडा झाडला, की तिला खोकल्याची उबळ येई. अर्धा तास थांबत नसे.

मी ठरवले, आता बस. रविवारी एक गडी बोलावला. त्याने एका दिवसात सगळ्या झरोक्यांना लोखंडी जाळी ठोकली. मी खाली उभा राहून काम पाहिले. काम चोख झाले, असे मला वाटले.

सोमवारी शाळा भरली. एक पारव्याची जोडी एका झरोक्यावर येऊन धडका देत होती. जाळीला लटकायची, खाली पडायची, पुन्हा यायची. तिसरीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "गुरुजी, आत पिल्लं हायेत जी." मी म्हणालो, "जा, वर्गात बस. जातील ती आपोआप." मंगळवारीही तेच चालले होते. सायंकाळी माझ्याने राहवले नाही. शिडी लावून मी स्वतः वर चढलो. आत दोन पिल्ले होती. एक मेलेले होते. दुसऱ्याची मान हलत होती. मी पकडीने जाळी उपटली आणि खाली उतरलो. रात्र पडायच्या आत आई आली आणि पिल्लाच्या चोचीत चोच घालून चारू लागली. ते पिल्लू वाचले. पण तो तिसरीतला मुलगा पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे चुकले असे मला कधी वाटले नाही.

तेव्हापासून मी या पाखराची माहिती जमवू लागलो. पुस्तके वाचली, गवंड्यांना आणि सुतारांना विचारले, काही गोष्टी करून पाहिल्या. ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की पारवा हा मूळचा कड्याकपारीतला पक्षी आहे. चिमणी-कावळ्यासारखे झाडावर राहणे त्याला फारसे आवडत नाही. त्याला बसायला सपाट दगडी पायरी लागते आणि डोक्यावर आडोसा लागतो. आपण घर बांधतो, त्याला छज्जा काढतो, झरोका ठेवतो, पत्र्याखाली लोखंडी पट्टी टाकतो. पारव्याला वाटते, हा कडाच आहे. देवळाचे शिखर म्हणा, पवनीच्या जुन्या वेशीसारख्या दगडी कमानी म्हणा, त्याच्या लेखी ते सगळे डोंगरच. तो आपल्याला त्रास द्यायला येत नाही. आपणच त्याला घर बांधून दिलेले असते.

दुसरी गोष्ट खाण्याची. आपला भंडारा जिल्हा धानाचा. तुमसरकडे धानगिरण्या किती आहेत, पहा. धान खरेदीच्या दिवसांत पोतीच्या पोती अंगणात पडलेली असतात. पोते फुटते, दाणे सांडतात, कोणी झाडत नाही. जिथे दाणा, तिथे पारवा. आणि पोट भरले, की जोडी बाराही महिने अंडी घालते.

लोक म्हणतात, "मारून टाका, म्हणजे कटकट जाईल." तसे होत नाही. युरोपात स्वित्झर्लंड नावाचा देश आहे. तिथे बाझल नावाचे शहर आहे. त्या शहरात १९६१ पासून १९८५ पर्यंत सुमारे एक लाख पारवे मारले. तरी शहरातले पारवे जेवढे होते, तेवढेच राहिले. सुमारे वीस हजार. जागा रिकामी झाली, की नवी जोडी येई. दाणा भरपूर होता ना! मग १९८८ पासून तिथल्या जाणत्या लोकांनी दुसरी वाट धरली. शहरातल्या लोकांना समजावले, की पारव्यांना दाणे टाकू नका. चार-सव्वाचार वर्षांत पारवे जवळपास निम्मे झाले.

आपल्या मुंबईतही हा वाद झाला. दादरला कबुतरखाना आहे. तिथे वर्षानुवर्षे लोक पुण्य म्हणून दाणे टाकत. हजारो पारवे जमत आणि आसपासच्या खिडक्यांत, छज्ज्यांवर राहत. जुलै २०२५ मध्ये सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितले. ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. लोक चिडले, जमले, त्यांनी ताडपत्री फाडली. भांडण कोर्टात गेले. महापालिकेचा निर्णय थांबवायला हायकोर्टाने नकार दिला. दाणे टाकणारे लोक वाईट नव्हते. दया म्हणूनच टाकत होते. पण शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत काय जाते, तेही पाहायला हवे. डॉक्टर सांगतात, वाळलेल्या शिटेची आणि पिसांची भुकटी पुष्कळ दिवस श्वासातून आत गेली, तर काही माणसांची फुप्फुसे कडक होतात. मग चार पावले चालले, तरी धाप लागते. सगळ्यांना होत नाही. पण ज्याला होते, त्याचे हाल होतात.

म्हणून आधी दाणा आवरा. गिरणीचे अंगण सांजेपूर्वी झाडून घ्या. फुटके पोते त्याच दिवशी शिवा. पाखरांना दोन दाणे टाकायचेच असतील, तर घर, शाळा, विहीर यांच्यापासून दूर, शेताच्या बांधावर टाका. पारव्याला पुरते उपाशी ठेवा असे मी म्हणत नाही. रान मोठे आहे, तो वेचून खाईल.

आता जागेचे काम. शिडी लावण्यापूर्वी तीन-चार दिवस नुसते पहा. दिवस मावळायच्या सुमारास अंगणात बाज टाकून बसा. पाखरे कुठे येऊन बसतात, कोणत्या भोकात शिरतात, ते ध्यानात ठेवा. नुसते रात्री झोपायला येणारे पाखरू वेगळे आणि चोचीत काडी घेऊन येणारे वेगळे. काडी आत जाताना दिसली, की समजा, तिथे घरटे आहे. पाखरू घाईघाईने आत जाते आणि लगेच बाहेर येते, आतून चीं चीं ऐकू येते, तर पिल्ले आहेत.

पारवी बहुधा दोन अंडी घालते. सतरा-अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पुढे महिना-सव्वा महिन्याने ती उडतात. म्हणजे अंडी दिसली, तर दीड-दोन महिने थांबावे लागते. यात एक गोम आहे. कधीकधी पहिली पिल्ले उडायच्या आतच पारवी शेजारी दुसरी अंडी घालते. म्हणून रोज नजर ठेवावी लागते. आमच्या शाळेत दुसऱ्या वेळी मी हे काम त्या तिसरीतल्या मुलाकडेच दिले. तो रोज वही घेऊन खाली उभा राही आणि लिही. ज्या दिवशी पिल्लू उडून समोरच्या कवेलूंवर बसले, त्याच दिवशी दुपारी आम्ही जाळी लावली. जोडी दोन दिवस घिरट्या घालत राहिली. मग गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात गेली.

छज्ज्यावर पाखरू बसू नये, यासाठी सगळ्यात सोपा उपाय उताराचा आहे. छज्जा सपाट असतो, म्हणून पारवा बसतो. त्यावर लाकडी फळी किंवा टिनाचा पत्रा तिरपा बसवावा. किती तिरपा? भिंतीपासून जेवढा पुढे, तेवढाच वर. आपल्या घराच्या छपराला असतो, त्याहून जास्त उतार हवा. पारवा बसायला येतो, पाय घसरतात, दोनतीनदा पाहतो आणि निघून जातो. त्याला कुठे लागत नाही, खुपत नाही. फळीच्या दोन्ही बाजू मात्र बंद करा. नाहीतर तो मागच्या पोकळीत शिरून मजेत घरटे करील. फळीला भिंतीचाच रंग द्या. खालून पाहणाऱ्याला वाटते, बांधकामच तसे आहे.

जिथे फळी बसत नाही, तिथे तार. छज्ज्याच्या दोन टोकांना छोट्या खुंट्या लावून चार इंच उंचीवर बारीक तार ताणावी. एका टोकाला स्प्रिंग लावली, तर उत्तम. पाखरू तारेवर टेकले, की तार डुलते आणि त्याला नीट बसता येत नाही. छज्जा रुंद असेल, तर दोन तारा लावा. देवळासाठी ही युक्ती फार चांगली. शिखराची शोभा जात नाही. पण कोरीव दगडात खिळे ठोकू नका. खुंटी दगडांच्या सांध्यात बसवा. इमारत सरकारने जतन केलेली असेल, तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हातही लावू नका.

मोठी पोकळी झाकायला जाळे लागते. पारव्यासाठी जाळ्याचे घर दोन इंचांचे पुरते. जाळे खाटेच्या नवारीसारखे घट्ट ताणलेले हवे. सैल जाळ्यात पाखराचा पाय अडकतो आणि ते लटकून मरते. एक गोष्ट निक्षून सांगतो. आपल्या भागात तलाव पुष्कळ. ढिवरभाऊंकडे मासे धरायची जुनी जाळी असतात आणि फुकट मिळतात. ती छपराला बांधू नका. त्यांचा धागा बारीक असतो. पाण्यात ती कामाची, छपरावर फास होतात. जाड दोऱ्याचे काळे किंवा मातकट जाळे आणा. सावलीत ते दिसतही नाही. आठवड्यातून एकदा खालून नजर टाका. पाखरू अडकले असेल, तर त्याच वेळी सोडवा.

बाकीच्या गोष्टींवर पैसे घालवू नका. चमकीच्या पट्ट्या, आरसे, प्लास्टिकचे घुबड यांना पारवा आठ-पंधरा दिवस भितो. मग त्या घुबडाच्याच डोक्यावर बसतो. गुलेल, फटाके, चिकट डिंक, विषाचे दाणे यांचे तर नाव काढू नका. विषाचे दाणे कोंबडीही खाते आणि मेलेले पारवे मांजर खाते. शिवाय मुक्या जिवाला क्रूरपणे वागवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

जुनी घाण काढताना सांभाळा. कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून चांगली भिजवा. नाका-तोंडाला फडके घट्ट बांधा. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना लांब ठेवा. ओली घाण फावड्याने काढून खड्ड्यात पुरा, हातपाय साबणाने धुवा. आमच्या शाळेत झाडायची ही रीत बदलली, तेव्हाच त्या मुलीची सकाळची उबळ पुष्कळ कमी झाली. जाळी तर नंतर लागली. हे आधीच केले असते, तर निम्मे काम झाले असते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर पाखरे बसत असतील, तर तिच्यावर झाकण करा.

आणखी एक. भोके बुजवताना आत कोण राहते, ते ओळखा. सगळीच भोके पारव्यांची नसतात. चिमणीने दोन काड्या ठेवल्या असतील, तर राहू द्या. तिची घाण ती कितीशी! पाकोळी उडता उडता माशा-डास टिपते. आणि गव्हाणी घुबड असेल, तर त्याला मुळीच हुसकू नका. पांढरे, बदामासारखे तोंड असते त्याचे. लोक त्याला अशुभ म्हणतात. अशुभ कसले? रात्रभर उंदीर धरते.

आमच्या गावच्या धानाच्या गोदामाचे सगळे झरोके आम्ही जाळीने बंद केले. मागच्या बाजूचा अंधारातला एक तेवढा उघडा ठेवला आहे. त्यात घुबडाची जोडी राहते. खाली पोत्यांवर ताडपत्री असते. वर्षातून एकदा मी तिथला केर काढायला जातो. घुबडाने ओकून टाकलेले काळे गोळे पडलेले असतात. ते फोडून पाहिले, की आत उंदरांची बारीक हाडे आणि दातांसकट कवट्या निघतात. मागच्या खेपेला मी मोजली. एका गोळ्यात तीन कवट्या होत्या.