नाल्याच्या पाण्यावरची भाजी आणि जस्ताची फवारणी

शहराच्या कडेला ज्यांची शेते आहेत त्यांना नाल्याच्या पाण्याचे मोल सांगायला नको. बेळगावचा बळ्ळारी नाला घ्या, नाहीतर हैदराबादच्या खालच्या अंगाची मुसी नदी घ्या. शहराचे सांडपाणी त्यांतून वाहते आणि त्याच पाण्यावर भाजीपाला व चारा पिकतो. हे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, खतही कमी लागते. पण त्यात मुलामा देणाऱ्या, बॅटऱ्यांच्या वा रंगांच्या कारखान्यांचे पाणी मिसळत असेल, तर कॅडमियम आणि शिसे हे जड धातू शेतात येतात. ते कुजत नाहीत. मातीच्या वरच्या थरात साठत राहतात.

त्यांत कॅडमियम फार फसवे. पालक हिरवागार दिसतो आणि धातू पानात उतरलेला असतो. माणसाच्या मूत्रपिंडात तो साठला की निम्मा बाहेर पडायला 10 ते 30 वर्षे लागतात. जपानात जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन लोकांची हाडे ठिसूळ झाली. त्या रोगाचे कारण कॅडमियम असल्याचे तिथल्या सरकारने 1968 साली मान्य केले. (तंबाखूच्या पानातही कॅडमियम भरपूर असते, हे विडी ओढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

फवारणीचा उपयोग कसा होतो? कॅडमियम हा जस्ताचा भाऊबंद. मुळातून आत शिरताना व पुढे पानाकडे जाताना दोघांची वाट बरीचशी एकच असते. जस्ताची उपासमार झालेले रोप जस्त शोधता शोधता कॅडमियमही ओढून घेते. पानांवाटे जस्त मिळाले तर ही ओढ कमी होते.

दहा लिटर पाण्यासाठी 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम विरलेला चुना घ्यावा. दोन्ही वेगवेगळे विरघळवावेत, चुन्याची निवळी गाळून झिंकच्या पाण्यात ओतावी. चुना नसेल तर कोवळी पाने करपतात. संध्याकाळी फवारावे आणि 10 ते 15 दिवसांनी पुन्हा एकदा. पालेभाजीवर कापणीच्या तोंडावर फवारू नये. कापा झाल्यावर नवा फुटवा आला की फवारावे. स्फुरदाचे खत किंवा सिलिकॉनचे औषध त्याच पंपात मिसळू नये, साका बसतो. सिलिकॉनची वेगळी फवारणीही काही पिकांत कॅडमियम कमी करते, पण ती महाग पडते.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. हलक्या प्रतीच्या झिंक सल्फेटमध्ये कॅडमियम आणि शिसे स्वतःच असू शकते. म्हणूनच 1985 च्या खत नियंत्रण आदेशात या दोन्हींना मर्यादा घातली आहे. सुटा, बिनछापाचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आता स्पष्टच सांगतो. फवारणीने कॅडमियम कमी होते, नाहीसे होत नाही. आणि ज्या जमिनीत जस्त आधीच पुरेसे आहे तिथे फरक थोडाच पडतो. शिशावर तर तिचा भरवसा धरू नये. पानावरचे शिसे बहुतेक धुळीतून येते, ते दोन-तीन पाण्यांनी धुतल्यावर बरेच जाते. कॅडमियम पानाच्या आत असते, ते धुऊन निघत नाही.

म्हणून आधी पीक बदलावे. पालक, चुका, मुळा ही पिके धातू जास्त घेतात. दुधी, दोडका, वाल, गवार फार कमी. नाल्याकाठच्या वाफ्यात वेलभाज्या घ्याव्यात आणि घरच्या मुलांसाठी पालेभाजी विहिरीच्या पाण्यावर लावावी. तांबडी आंबट जमीन असेल तर चुना घालून सामू साडेसहाच्या वर न्यावा, म्हणजे कॅडमियम मातीतच अडकते. काळ्या जमिनीला सहसा चुन्याची गरज नसते. चांगले कुजलेले शेणखतही धातू धरून ठेवते, मात्र शहरी कचऱ्याचे खत तपासल्याशिवाय टाकू नये.

माती आरोग्य पत्रिकेत सामू व जस्त दिलेले असते, जस्त 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर फवारणी जरूर करावी. कॅडमियम मात्र त्या पत्रिकेत नसते, ते प्रयोगशाळेकडे वेगळे मागावे लागते. त्यासाठी शेतातल्या 15 ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो न्यावी, आणि ती प्लास्टिकच्या टोपलीत कालवावी, जस्ताचा पत्रा असलेल्या घमेल्यात नव्हे.