फाइल तिथेच असते

छत्रपती संभाजीनगरात इंजिनिअरिंगच्या मुलांना पायथन शिकवताना दरवर्षी एक तक्रार हमखास येते : "सर, फाइल समोर दिसतेय, पण प्रोग्रामला सापडत नाही." त्यातून शिकलेलं थोडं.

१. आधी जागा बघा. एका मुलीचा प्रोजेक्ट जायकवाडीच्या पाणीसाठ्यावर होता. पायथनच्या फाइलला खेटूनच आकड्यांची सीएसव्ही ठेवलेली. व्हीएस कोडमध्ये मात्र त्यावरचा मोठा फोल्डर उघडलेला. रनचं बटण दाबलं की पायथनचं एक्स्टेन्शन टर्मिनल त्या वरच्या फोल्डरात उघडतं आणि नुसतं नाव दिलेली सीएसव्ही तिथेच शोधली जाते. तिने फाइल पुन्हा डाउनलोड केली, नाव बदललं, पायथनही नव्याने टाकलं. टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यूडी' ही चालू फोल्डर दाखवणारी कमांड लिहून एंटर दाबल्यावर उलगडा झाला.

२. एकच एक्स्टेन्शन भाषेगणिक वेगळं वागतं. 'कोड रनर' सीचा प्रोग्राम चालवण्याआधी फाइलच्या फोल्डरात शिरतं. पायथनसाठी मुळात तसं करत नाही. सी शिकून आलेली मुलं इथे अडखळतात, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नसतो.

३. यासाठी पायथनच्या एक्स्टेन्शनमध्ये सेटिंग आहे : 'एक्झिक्यूट इन फाइल डिर'. तरी माझा आग्रह असतो की डेटाचा पाथ प्रोग्राममध्येच, त्या फाइलच्या स्वतःच्या जागेवरून काढावा. परीक्षकांच्या लॅपटॉपवर तुमचं सेटिंग नसतं.

४. फोल्डरच्या नावात स्पेस नको. २०२३ मध्ये शहराचं नाव बदलल्यावर मुलांच्या फोल्डरांवरही नवं नाव आलं, दोन शब्दांचं. पाथ अवतरणचिन्हांत नसेल तर तो बऱ्याचदा त्या स्पेसपाशीच तुटतो.

५. एरर आली तर निदान कळतं तरी. खरी धास्ती चुकीच्या जागी सुरळीत चालणाऱ्या कमांडची. दोन प्रोजेक्ट एकाच खिडकीत उघडले की काही एक्स्टेन्शन सरळ पहिला फोल्डर धरतात. तिथे 'गिट क्लीन' जोर लावून चाललं, तर गिटमध्ये कधीच न नोंदवलेल्या फाइली जातात, आणि गिट त्या परत देऊ शकत नाही.

६. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती : कमांड सोडताना फोल्डर स्पष्ट द्या, आणि तो उघड्या फाइलवरून ठरवा. दिला नाही, तर कमांडला एडिटरच्याच प्रोसेसची जागा मिळते. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या एडिटरची ती जागा थेट डिस्कचं मूळही असू शकते.