बोलण्यात बोलणं निघू द्या

कृषी खात्यात नव्याने रुजू झालेली मुलं-मुली अधूनमधून भेटायला येतात. कुठल्या रोगावर काय फवारायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. अडतं ते पुढेच. बांधावर उभं राहिल्यावर दोन वाक्यांनंतर काय बोलावं, हे सुचत नाही. शेतकरी ‘बरं, बरं’ म्हणतो, हे ‘येतो मग’ म्हणतात, आणि भेट संपते. मीही यातून गेलो आहे. त्यातून बाहेर पडायला मला जी वाट दाखवली गेली, तिच्यावर या मुलांनी पैसे आणि उमेद घालवू नये, असं मनापासून वाटतं.

माझी पहिली नेमणूक सांगोला तालुक्यात, डाळिंबाच्या पट्ट्यात. स्वभाव अबोल आणि काम मात्र माणसांशी बोलण्याचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला नाव घातलं. तिथे शिकवलं ते असं: समोरच्याच्या डोळ्यांत बघा, दर दोन वाक्यांनी त्याचं नाव घ्या, शांतता पडू देऊ नका आणि प्रश्न विचारत राहा. प्रश्नांची छापील यादीही हातात दिली होती.

नाव घेण्याचा सल्ला डेल कार्नेगी यांच्या १९३६ सालच्या प्रसिद्ध पुस्तकातला. अमेरिकेत नोकरी-धंद्यातल्या लोकांचे वर्ग घेता घेता ते तयार झालं, आणि तिथे तो सल्ला चालतही असेल. आपल्याकडे साठीच्या माणसाला विशीतला पोरगा पुन्हा पुन्हा नावाने बोलवायला लागला, तर तो चपापतो. आप्पा, तात्या, मावशी ही हाक एकदा मनापासून मारली की पुरते.

प्रश्नांच्या यादीने तर फारच नुकसान केलं. किती एकर? विहीर की बोअर? सोसायटीचं कर्ज आहे का? मुलं काय करतात? उत्तरं आखडत जायची. “चार.” “बोअर.” “हाय थोडं.” सरकारी माणूस ओळीने प्रश्न विचारायला लागला की गावाला पंचनामा आठवतो. ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याला वाटतं, हे कुठेतरी लिहिलं जाणार. मग तो मोजकंच बोलतो, आणि त्याचं चुकत नाही.

खरं शिक्षण झालं ते आमच्या पर्यवेक्षकांबरोबर एका बागेत. तेल्या आलेली बाग होती. एक मावशी डागी फळं तोडून वेगळी टाकत होत्या. साहेब डोळ्यांत बघायला गेले नाहीत की वहीही काढली नाही. शेजारी उकिडवे बसले, तेलकट काळे डाग पडून तडकलेलं एक फळ हातात फिरवलं आणि म्हणाले, “आमच्या भावाच्या बागेतबी असंच झालं. मृग बहार धरला होता, पाऊस लागूनच राहिला.”

पुढे काहीच बोलले नाहीत, पण फळं वेगळी करायला लागले. मला ती शांतता असह्य झाली होती. थोड्या वेळाने मावशीच म्हणाल्या, “मी हस्त धरा म्हणत होते. पोराचं म्हणणं मृगच.”

“पोरगा इथंच असतो?”

“पुण्याला. फोनवरनं सांगतो, आम्ही करतो.”

“मग छाटणीला कोण होतं?”

“टोळी बोलावली. शेजारच्या बागेतलं उरकून तशीच आली हिकडं.”

मुद्द्याची गोष्ट इथे निघाली. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. वाऱ्या-पावसाबरोबर तो पसरतो, तसाच निर्जंतुक न केलेल्या कात्रीवरूनही. शेजारच्या रोगट बागेतल्या कात्र्या तशाच या झाडांवर चालल्या होत्या. माझ्या यादीत ‘छाटणीला कोण होतं’ हा प्रश्न नव्हता, कुठल्याच यादीत तो नसतो. तो सुचला, कारण साहेब मावशींचं ऐकत होते.

नव्या मुलांना मी आता हेच सांगतो. विचारायच्या आधी आपल्याकडचं थोडं द्या. आपल्या गावचा पाऊस, घरातली एखादी अडचण, वाटेत दिसलेलं काही. फार नको, एक वाक्य पुरे. दिलं की समोरच्यालाही द्यावंसं वाटतं. मग त्याच्या उत्तरातला एखादा शब्द धरा. लग्नाच्या पंगतीत शेजारचा म्हणाला, “मुलीकडून, नाशिकहून आलो,” तर लगेच ‘काय करता आपण?’ कडे उडी मारू नका. ‘नाशिकहून’ तिथेच आहे. “रात्रीच निघालात?” म्हणा. प्रवास, गाडी, सोबतची मंडळी, सगळं त्यातून निघतं. नवा विषय शोधायची गरजच पडत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच दाखवलं: समोरच्याच्या बोलण्यावरूनच पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात, कारण तसा प्रश्न आधी ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही.

आपल्यालाही कोणी काही विचारतं, तेव्हा उत्तर उघडं ठेवावं. ‘कुठे राहता?’ला ‘सांगोल्यात’ म्हणून थांबलात तर पुढचा सगळा भार त्याच्यावर. “सांगोल्यात, स्टँडच्या मागे, पहाटेपासून गाड्यांचा आवाज,” असं म्हणालात तर त्याला धरायला दोन-तीन गोष्टी मिळतात. अबोल माणसं इथे फार कमी पडतात. त्यांना वाटतं आपण नम्रपणे थोडक्यात बोललो, समोरच्याला वाटतं यांना बोलायचंच नाही.

शांततेची भीती मात्र लवकर जात नाही. तिला कारण आहे. जगातल्या १० भाषांमधल्या गप्पा तपासणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढंच अंतर निघालं. इतक्या वेगाची सवय असताना तीन-चार सेकंदही डोंगराएवढे वाटणारच. म्हणून सुरुवातीला समोरासमोर बसून बोलूच नका. हाताला काम असेल तिथे बोला. शेंगा निवडताना, डबा खाताना, शेजारी चालताना पडलेली शांतता कोणालाच बोचत नाही, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य आपसूक येतं. हे मी प्रत्येकाला आवर्जून करायला लावतो.

घरी गेल्यावर ‘मी काय बोललो, त्यांना काय वाटलं असेल’ असं मन खायला लागतं, त्यावरही एक सांगायला हवं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात दिसलं की, नव्या ओळखीत समोरच्याला आपण जितके आवडतो त्यापेक्षा कमी आवडलो असं बहुतेकांना वाटतं. कॉलेजात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये ही चुकीची समजूत कित्येक महिने टिकली होती. तेव्हा रात्रीच्या त्या हिशेबावर विसंबून दुसऱ्या दिवशीची भेट टाळू नका.

आणि कोणी बोललंच नाही, तर त्यात आपलीच उणीव शोधू नका. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असेल, तर माणूस पहाटेपर्यंत मोटरीवर जागलेला असतो. तो ‘हां, हां’ करतोय हे दिसलं की रामराम करून निघावं. पुढच्या फेरीत “पाळी दिवसाची झाली का, आप्पा?” एवढं विचारावं, आणि तो सांगेपर्यंत थांबावं.